भोपाळच्या हातपंपांचे पाणी : चाचण्या अनेक, देखरेख नाही

भोपाळच्या उत्तर भागात, युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्याच्या भिंतीबाहेर, अटल अय्यूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी, शिवशक्ती नगर अशा वस्त्या आहेत. तिथल्या हातपंपांना सरकारने लाल रंग दिला आणि हे पाणी पिण्यास योग्य नाही असे त्यांवर लिहिले. रंग वाळला, तरी लोक त्याच पंपांखाली हंडे लावत राहिले. दारात दुसरे पाणी नव्हते.

डिसेंबर १९८४ मधली वायुगळतीची रात्र सर्वांना माहीत आहे. हातपंपांतल्या पाण्याची गोष्ट मात्र त्या रात्रीशी जोडून टाकली जाते आणि तिथेच पहिली गफलत होते. त्या रात्री सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू पाण्याशी चटकन अभिक्रिया करतो. तो जमिनीत साचून राहिलेला नाही. पाण्यात जे सापडले ते १९६९ पासून, म्हणजे कारखाना सुरू झाल्यापासून, आवारात टाकलेल्या आणि बाहेरच्या तळ्यांत सोडलेल्या कचऱ्यातून आले. गळती झाली नसती तरी हे पाणी बिघडलेच असते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. या भागातले पाणी पस्तीस वर्षांत पुष्कळ वेळा तपासले गेले, पण त्यावर देखरेख ठेवली गेली नाही. रुग्णाचा ताप एकदा मोजणे वेगळे आणि पलंगाच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगून रोज त्याच वेळी नोंद करणे वेगळे. लोकांसमोर आलेले अहवाल पहिल्या प्रकारचे आहेत. म्हणूनच ‘दूषण वाढते आहे, घटते आहे की पसरते आहे?’ या साध्या प्रश्नाला आजही सरळ उत्तर देता येत नाही.

जमिनीत काय गेले

कारखान्यात मुख्यतः कार्बारिल हे कीटकनाशक ‘सेव्हिन’ या नावाने बनत असे. शिवाय कार्बारिल आणि लिंडेन यांचे मिश्रण ‘सेव्हिडॉल’ या नावाने बाहेर पडे. लिंडेन म्हणजे एचसीएच या रसायनाचा गॅमा प्रकार. कच्च्या एचसीएचमध्ये गॅमाचा वाटा थोडा असतो आणि अल्फा, बीटासारखे निरुपयोगी प्रकारच जास्त. गॅमा काढून घेतला की उरलेले सगळे कचऱ्यात जाते. त्याखेरीज नॅप्थॉल, द्रावक म्हणून वापरलेले कार्बन टेट्राक्लोराइड आणि डायक्लोरोबेंझिन, डांबरासारखी राळ, आणि यंत्रांमधून गळलेला पारा. पाऱ्याचे चकाकते थेंब कारखान्याच्या मातीत नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याच्या नोंदी आहेत.

१९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी तळी बांधली. तळाला प्लास्टिकचे अस्तर होते. अस्तर फाटते, सांध्यांतून गळते. तिथेही ते झाले. तळी गळत असल्याची चिंता कंपनीच्या आतल्या पत्रव्यवहारात १९८२ मध्येच आली होती, म्हणजे वायुगळतीच्या दोन वर्षे आधी.

या रसायनांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि देखरेखीची आखणी त्या स्वभावांवरच करावी लागते. कार्बारिल पाण्यात फार टिकत नाही. पाणी थोडे जरी अल्कधर्मी असेल तरी ते दिवसांच्या हिशेबात मोडते आणि नॅप्थॉल उरते. त्यामुळे विहिरीत सेव्हिन सापडले नाही यावरून विहीर स्वच्छ ठरत नाही. एचसीएच मातीला चिकटून बसते आणि पाण्याबरोबर रेंगाळत जाते. पारा बहुतेक जागेवरच राहतो. क्लोरोबेंझिने (डायक्लोरोबेंझिन आणि त्याच्या जातीची रसायने) आणि कार्बन टेट्राक्लोराइड मात्र पाण्याबरोबर बऱ्यापैकी धावतात.

कार्बन टेट्राक्लोराइडबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. ते पाण्यापेक्षा दीडपटीहून जड आहे. जमिनीत सांडले की रॉकेलसारखे पाण्यावर तरंगत नाही. भूजल पातळी ओलांडून खाली बुडते आणि एखादा कठीण थर लागेपर्यंत भेगांतून उतरत राहते. तिथे त्याची डबकी साचतात. पाण्यात ते लिटरला सुमारे ८०० मिलिग्रॅमपर्यंतच विरघळते, म्हणजे फारच थोडे. अशी लहानशी डबकीही अनेक दशके शेजारून वाहणाऱ्या पाण्यात थोडे थोडे उतरत राहू शकतात. अशा जागी वरवरची विहीर स्वच्छ आणि तिच्याच शेजारची खोल बोअर विषारी असू शकते.

एकामागून एक अहवाल

१९८९ मध्ये कंपनीनेच आवारातली माती आणि पाणी तपासले. अमेरिकेतल्या खटल्यामुळे हे कागद बऱ्याच वर्षांनी बाहेर आले. त्या नमुन्यांत सोडलेले मासे सगळेच्या सगळे मेले, अशी त्यात नोंद आहे. कंपनीने तेव्हा हे शेजारच्या वस्त्यांना सांगितले नाही.

१९९० मध्ये नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत भूजलात दूषण नसल्याचा निष्कर्ष निघाला. १९९६ मध्ये राज्याच्याच प्रयोगशाळेने कारखान्याभोवतीच्या कूपनलिकांमध्ये रासायनिक दूषण असल्याचे सांगितले. १९९७ मध्ये नीरीचा दुसरा अहवाल आला : आवारातली माती दूषित आहे, पण आसपासच्या विहिरींचे पाणी ठीक आहे. १९९९ मध्ये ग्रीनपीसने आणलेल्या नमुन्यांत एका विहिरीत लिटरला ३४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड निघाले. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटला तीन किलोमीटरपेक्षा दूरच्या पाण्यातही क्लोरोबेंझिने आणि कीटकनाशके मिळाली. २०१० मध्ये नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था एनजीआरआय यांच्या संयुक्त अहवालाने म्हटले की भूजल सर्वसाधारणपणे दूषित नाही. आवाराजवळच्या पाच विहिरींत तेवढी कीटकनाशके आहेत आणि तीही पावसाच्या वाहत्या पाण्याबरोबर गेलेली असावीत. त्याच अहवालाने सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचेही सांगितले. पुढे लखनौच्या आयआयटीआर या विषशास्त्र संस्थेच्या तपासण्यांनंतर दूषित भूजल असलेल्या वस्त्यांचा आकडा २२ झाला, आणि २०१८ मध्ये ४२.

हे सगळे ओळीने वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी खोटे बोलते आहे. भोपाळमध्ये संशयाला पुरेशी कारणे आहेत, हे मला मान्य आहे. पण पाण्याचे नमुने घेण्याच्या कामाची थोडी ओळख असलेल्या माणसाला आणखी एक शक्यता दिसते : यातले बहुतेक आकडे आपापल्या जागी खरे असतील. प्रत्येकाने वेगळ्या विहिरी घेतल्या, वेगळ्या महिन्यांत, वेगळ्या खोलीवर, रसायनांची वेगळी यादी घेऊन, वेगळ्या प्रयोगशाळेत. सात जणांनी सात ठिकाणी काढलेली छायाचित्रे एकापुढे एक ठेवून त्यांचा चित्रपट होत नाही.

२३ वर्षे की २ वर्षे?

१९९७ च्या अहवालातला एक हिशेब या प्रकरणाचा गाभा आहे असे मला वाटते. कारखान्याखाली वर काळी माती, मग पिवळसर चिकण गाळ आणि बऱ्याच खाली विंध्य वालुकाश्म अशी रचना आहे. चिकण माती पाणी सहजी सोडत नाही. त्या आधारावर नीरीने मांडले की अगदी वाईट धरून चालले तरी दूषित पाण्याला हा थर ओलांडून खाली जायला २३ वर्षे लागतील. कंपनीच्या बाजूने या अहवालावर नजर टाकणाऱ्या अमेरिकी सल्लागारांनी मात्र कळवले की वाईटात वाईट धरायचे तर हा काळ २ वर्षांचा धरावा.

२३ आणि २ यांतला फरक मातीच्या भेगांचा आहे. काळ्या मातीच्या शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेत ओल्या चिकण मातीचा गोळा घेऊन त्यातून पाणी किती वेगाने जाते ते मोजले तर आकडा अतिशय छोटा येतो. जमीन तशी एकसंध नसते. वाळल्यावर पडलेल्या भेगा, मुळांच्या वाटा, मधला वाळूचा पट्टा, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे माणसाने मारलेली बोअर! हातपंपाच्या केसिंगभोवतीची पोकळी वरून नीट बंद केलेली नसेल तर चिकण मातीचा तो सगळा थर तिथे नसल्यासारखाच असतो. हजारो लोक राहत असलेल्या वस्तीत अशी भोके जागोजाग असतात.

अशा वेळी कोणाचा हिशेब बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा थराच्या वर, मध्ये आणि खाली अशा तीन वेगवेगळ्या खोलीवर निरीक्षण विहिरी करून दर सहा महिन्यांनी पाणी काढले असते, तर चार-पाच वर्षांत जमिनीनेच उत्तर दिले असते. १९९७ ला सुरुवात केली असती तर आज पंचवीसहून अधिक वर्षांची मालिका हाताशी असती. हे लिहिताना मला खरोखर हळहळ वाटते, कारण हा खर्च फार मोठा नव्हता.

प्रमाणपत्र आणि त्याबाहेरची रसायने

पाणी तपासायला दिले की आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे निकाल देतात. गावच्या नळपाणी योजनेसाठी ते योग्यच आहे. २०१२ च्या आवृत्तीत कीटकनाशकांचा वेगळा तक्ता आहे. त्यात एचसीएचचे चारही प्रकार आहेत, डीडीटी आहे, एन्डोसल्फान आहे. त्यात कार्बारिल नाही. क्लोरोफॉर्म दुसऱ्या तक्त्यात सापडते, पण कार्बन टेट्राक्लोराइड आणि डायक्लोरोबेंझिने नाहीत. म्हणजे या कारखान्याने जे मुख्यतः बनवले आणि जे द्रावक म्हणून वापरले, ते न बघताच ‘मानकानुसार योग्य’ असा शेरा मिळू शकतो. कचऱ्याच्या जागेवर तपासायच्या रसायनांची यादी मानकातून घ्यायची नसते. आत काय वापरले जात होते त्याच्या खरेदी-वहीतून घ्यायची असते.

आणखी एक पेच. एचसीएच सापडले तर ते कारखान्याचेच कशावरून? हे रसायन १९९७ मध्ये बंदी येईपर्यंत शेतात आणि डासांसाठी सर्रास फवारले जात असे. बचाव करणारा वकील नेमके हेच विचारतो. क्लोरोबेंझिनांबाबत हा बचाव लंगडा पडतो, कारण ती त्या परिसरात दुसऱ्या कुठून येण्याची शक्यता फार कमी. म्हणून भोपाळमध्ये माग काढायचा तर तो क्लोरोबेंझिनांचा. ती जिथे आहेत तिथपर्यंत कारखान्याचे पाणी पोहोचले, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. त्यासाठी कारखान्याच्या वरच्या अंगाच्या, म्हणजे भूजल जिकडून येते त्या बाजूच्या, विहिरीही त्याच दिवशी तपासाव्या लागतात. तुलना नसेल तर आकडा एकटा पडतो.

वरचे अंग कोणते हेही इथे वादाचेच. भूजल उताराने वाहते हे खरे, पण शेकडो हातपंप दिवसभर उपसत असतील तर पाणी पंपांकडे ओढले जाते. उन्हाळ्यात ही ओढ एक दिशा घेते आणि पावसाळ्यानंतर पातळी चढली की दुसरी. एकदाच पातळी मोजून नकाशावर काढलेला बाण वर्षभर खरा राहत नाही.

कितीपट?

१९९९ च्या त्या ३४१० मायक्रोग्रॅमची बातमी जगभर ‘मर्यादेच्या १७०५ पट’ अशी गेली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम होती. पुढे संघटनेने ती ४ केली. तेच पाणी, तीच बाटली, आणि पट एका रात्रीत ८५२ वर आले. पाणी धोक्याचे होतेच, त्यात शंका नाही. पण पटींच्या भाषेत कल बघणारा माणूस इथे फसतो, कारण मोजपट्टीच मध्ये बदललेली असते.

त्याच आकड्यात एक जास्त मोलाची खूण आहे, तिच्याकडे कमी लोकांनी पाहिले. प्रदूषित जागांवर काम करणारे एक ठोकताळा वापरतात : पाण्यातले प्रमाण त्या रसायनाच्या विरघळण्याच्या कमाल मर्यादेच्या १ टक्क्याच्या आसपास आले तर जवळच कुठेतरी शुद्ध द्रवाचे डबके असावे असा संशय धरायचा. कार्बन टेट्राक्लोराइडसाठी १ टक्का म्हणजे ८ मिलिग्रॅम. सापडले ३.४१. या १ टक्क्याच्या आत आहे, पण अनेक द्रावक एकत्र असले की प्रत्येकाचे विरघळणे कमी होते, त्यामुळे हा आकडा संशय घेण्याइतका मोठा आहे. ‘पाणी किती वाईट’ याऐवजी ‘डबके कुठे’ हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. डबके सापडल्याशिवाय साफसफाईचा खर्च आणि काळ सांगताच येत नाही.

उलट बाजूने फसवणारा आकडा म्हणजे ‘आढळले नाही’. प्रयोगशाळेचे यंत्र ठरावीक मर्यादेखाली काही पाहू शकत नाही. समजा एका विहिरीत कायम ३ मायक्रोग्रॅम आहे. १ पर्यंत पाहणारी प्रयोगशाळा ३ लिहील, ५ पर्यंतच पाहणारी ‘आढळले नाही’ लिहील. दोन कागद शेजारी ठेवले की दूषण संपल्याचा भास होतो. त्यातच ही द्रावके उडून जाणारी आहेत. बादलीत पाणी काढून, तिथून बाटलीत ओतून, उन्हात गाडीत ठेवून नेले तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत निम्मे हवेत गेलेले असू शकते. छोटी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही ठेवायचा नाही, झाकण लावून बर्फात ठेवायची. आधी पंप पुरेसा वेळ चालवून नळीतले शिळे पाणी काढून टाकायचे. एवढ्या साध्या शिस्तीवर तीस वर्षांच्या वादाचा निकाल अवलंबून असतो.

२२ वरून ४२

वस्त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, ही बातमी ‘विष पसरले’ अशी छापली गेली. पसरले असेलच, तळ्यातला आणि आवारातला कचरा जागेवर असताना दर पावसाळ्यात त्यातून पाणी झिरपते, आणि भोपाळला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण आधी न तपासलेल्या वीस वस्त्या नंतर तपासल्या तर त्या कधीपासून दूषित होत्या हे त्या एका नमुन्यातून कळत नाही. तिथले रहिवासी कदाचित वीस वर्षे ते पाणी पीत होते, कदाचित दोन. त्यांच्या आजारपणाचा आणि भरपाईचा प्रश्न याच फरकावर उभा आहे.

इथे एक विचित्र गुंता आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. टाक्या बसल्या, टँकर आले, पुढे नळ आले. हातपंप काढले किंवा बंद केले. माणसांसाठी हे अत्यावश्यक होते आणि उशिराच झाले. पण बंद होणाऱ्या प्रत्येक पंपाबरोबर नमुना घेण्याची एक जागाही गेली. त्यांतले दहा-पंधरा पंप कुलूप लावून फक्त तपासणीसाठी राखले असते तर मालिका तुटली नसती.

महाराष्ट्रात आपल्याला याची कल्पना असायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, वर्षानुवर्षे, त्याच विहिरी. म्हणून एखाद्या तालुक्याची पातळी पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा किती घसरली हे सांगता येते आणि टंचाईची घोषणा त्यावर होते. पातळीसाठी जी शिस्त आपण कंटाळा न करता पाळतो, तीच कचऱ्याच्या जागेखालच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी पाळायची आहे. कल आहे की नाही हे ठरवायला मान-केंडॉलसारखी साधी चाचणी पुरते. ती प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या प्रत्येक आकड्यापेक्षा वर आहे की खाली, एवढेच मोजते. पण तिलाही एकाच विहिरीचे निदान आठ-दहा आकडे लागतात, आणि पावसाआधीचे आकडे पावसानंतरच्यांत मिसळायचे नसतात.

३३७ टन गेल्यानंतर

कारखान्याच्या गोदामात पोत्यांत भरून ठेवलेला कचरा वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरत राहिला. २०११ मध्ये तो नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळण्याचा आदेश झाला, तेव्हा विदर्भात विरोध उभा राहिला आणि महाराष्ट्र सरकारनेही नकार दिला. अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरमधून ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीकडे निघाला आणि जूनअखेर जाळून संपला. ‘भोपाळ विषमुक्त’ असे मथळे त्या दिवसांत दिसले.

३३७ टन म्हणजे छपराखाली, कोरडा, पाण्याशी संबंध नसलेला भाग. भूजलाला खाऊ घालणारा भाग म्हणजे २०१० च्या अहवालातली ११ लाख टन माती, गाडलेले खड्डे, आणि मातीने झाकलेली ती जुनी तळी. ते सर्व जागेवर आहे. पोती हलवल्याने विहिरींच्या आकड्यांत काही फरक पडण्याचे कारण नाही, आणि पुढे कोणी ‘कचरा गेला तरी पाणी सुधारले नाही’ म्हणून आश्चर्य व्यक्त करू नये.

आता सुरुवात करायची तर पहिली फेरी मे महिन्यात घ्यावी, पाणी सर्वांत खोल गेलेले असताना, आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये. वरच्या अंगाला तीन-चार विहिरी, आवाराच्या आणि तळ्यांच्या कडेने दाट, मग बाहेर एक, दोन, चार किलोमीटरवर विरळ होत जाणाऱ्या. प्रत्येक ठिकाणी उथळ आणि खोल अशी जोडी. यादीत क्लोरोबेंझिने, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, एचसीएचचे सर्व प्रकार, नॅप्थॉल, पारा. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला. आणि निकालाचा कागद त्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर, हिंदीत, मागच्या फेरीच्या आकड्याशेजारी. भांडी घासायला आणि आंघोळीला आजही कुठेकुठे बोअरचेच पाणी वापरले जाते. कोणती बोअर आज बंद करायची हे तिथल्या बाईला त्या कागदावरून ठरवता आले पाहिजे.